बुरखेवाल्याचं कोड

लातूरला माझे जे घरमालक होते, त्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणायची, म्हणून मीही अप्पाच म्हणत असे. त्यांच्याकडे पांढऱ्या रंगाचा एक डबा आणि एक झिजलेला ब्रश होता. हाताला लागेल त्या वस्तूवर ते ‘जि. लातूर’ असं लिहून ठेवत. शिडीवर, बाजेच्या पायावर, पाण्याच्या पिंपावर, उखळावर. दुष्काळात छत्री कशाला लागते म्हणून मी माझी खुंटीला टांगून ठेवली होती, तर तीही एका संध्याकाळी ‘जि. लातूर’ होऊन मला मिळाली. मी तणतणले. ते म्हणाले, छत्री तुमचीच हाय, जिल्हा तेवढा आमचा.

जिल्हा तेव्हा नवीनच होता. आधी हा सगळा मुलूख उस्मानाबादेत मोडायचा. मी मूळची नांदेडची, नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले आणि अप्पांच्या वाट्याला आले, की ते माझ्या वाट्याला आले, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. घरात पाळणा हलल्यासारखं ते जिल्ह्याबद्दल बोलत. ‘आता रांगायलाय’ म्हणत. पुढे पाऊस रुसला, आड आटले, गल्लीत टँकर यायला लागला, तेव्हा अप्पांनी निदान केलं की जिल्ह्याला नजर लागली. मग काळ्या रंगाचा डबा आला आणि प्रत्येक ‘जि. लातूर’च्या शेजारी एकेक काळा ठिपका उमटला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

बरं, माणूस वेडा म्हणावा तर तसंही नाही. अडत दुकानात त्यांचा शब्द चाले. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगात स्वच्छ पांढरा सदरा, बोलणं अदबीचं. मूळ घराणं उदगीरकडचं, त्यामुळे भांडं भरत आलं की तोंडातून ‘साकू, साकू’ निघायचं. कानडीत साकू म्हणजे पुरे. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकल्याचा त्यांना भारी अभिमान. ‘हिंदी आमच्या घरातलीच हाय’ म्हणायचे. पुढचा सगळा गोंधळ ह्या अभिमानातून झाला, की कशातून झाला, ह्यावर मी खूप डोकं चालवलंय. अजूनही डोक्याचं दहीच होतं.

दुष्काळ ऐन भरात असताना ह्या गृहस्थांनी टीव्ही घेतला. लोक कडबा शोधत फिरत होते आणि आमच्या ओसरीवर लाकडी दारांचा टीव्ही येऊन बसला. गल्ली बघायला लोटली, तर अप्पांनी दारातच नियम सांगितला. टीव्ही बघायचा तर येताना तांब्याभर पाणी आणायचं आणि दारातल्या पिंपात ओतायचं. मला हे ऐकून इतका संताप आला की विचारू नका. लोकांच्या घोटभर पाण्यावर डोळा ठेवणारा असला कंजूष मी नांदेडात पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर अप्पा त्याच पिंपातलं पाणी दगडी डोणीत ओतत होते आणि गल्लीतली मोकाट गुरं रांगेनं पीत होती. म्हणजे कंजूष म्हणावं की साधू? आणि मी त्यांचीच भाडेकरू, पाणी त्यांच्याच हौदातलं. तरी मलाही सूट नव्हती. त्यांच्या हौदातून तांब्या भरायचा, ओसरी ओलांडायची आणि त्यांच्याच पिंपात ओतायचा. मी ते दर आठवड्याला केलं. का केलं, माहीत नाही.

दर आठवड्याला, कारण आठवड्यातून एकदा संध्याकाळी ती मालिका लागायची. सरकारचा एक गुप्तहेर. दिवसा कुठल्याशा कचेरीत साधा कारकून, आणि काम पडलं की तोंडावर काळा बुरखा, हातात काळे मोजे, आणि मग भिंतीपलीकडचं बघणं काय, आगगाडीच्या पुढे धावणं काय, ह्या गच्चीवरून त्या गच्चीवर उडी काय. अप्पा त्याला ‘बुरखेवाला’ म्हणत. मालिका हिंदीत, गल्लीतल्या बायकांना हिंदी येत नाही असं अप्पांनीच ठरवून टाकलेलं, म्हणून ते टीव्हीच्या शेजारी पाटावर बसून मोठ्या आवाजात मराठी करून सांगत. परिणामी हिंदीही ऐकू येत नसे आणि मराठी कुणाला कळत नसे. सुरुवातीला बुरखेवाल्याला कुणीतरी ‘एजंट’ म्हणालं. अप्पांनी सांगितलं, हा अल्पबचतीचा एजंट हाय. पुढे तो भिंतीआडचं बघू लागला, तेव्हा अप्पांनी खुलासा केला की लोकांच्या कपाटात काय हाय हे दिसल्याबिगर एजंटाचं चालतंय कसं. समोरचा शिंपी गंभीरपणे मान हलवायचा. कचेरीत माझ्या शेजारी बसणारा कारकून फार गप्प असतो, हे मी एकदा सहज बोलले, तर अप्पांनी कितीतरी दिवस त्याची चौकशी चालवली होती. मोजे घालतो का, विचारत.

आता नंदाबद्दल सांगते, नाहीतर ह्या सगळ्याला अर्थ नाही. अप्पांना एकच मुलगी, महानंदा. आई लहानपणीच गेलेली. मॅट्रिकपर्यंत शिकलेली, हुशार, हसली की घर उजळावं अशी. आणि तिला कोड होतं. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे डाग, आणि थोडे गळ्याखाली. हौदावर एकदा माझ्यासमोर तिची बाही ओली झाली, तेव्हा मी पाहिलं. तिनं झटकन हात मागे घेतला. मी म्हटलं, अगं बाई, त्यात काय, ते काही लागत नाही की दुखत नाही. ती म्हणाली, ‘ते अप्पांना सांगा.’

अप्पांचा सगळा जीव त्या एका हातात अडकला होता. वैद्य झाले, लेप झाले, उन्हात बसवून झालं. मग त्यांनी तिचे सगळे झंपर मनगटापर्यंत बाह्यांचे शिवून घेतले. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पूर्ण बाह्या, गळ्याशी गुंडी. बाहेरचं माणूस आलं की तिनं आत जायचं. टीव्हीच्या संध्याकाळी सगळी गल्ली ओसरीवर आणि घरची मुलगी स्वयंपाकघराच्या पडद्याआड, फटीतून बघणार. अप्पांच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा, हुकूमच होता की लग्न लागेपर्यंत कुणाला कळता कामा नये. लागल्यावर बघू. अप्पा मुलीला घालून पाडून बोलत नसत, हे मी सांगायला पाहिजे. प्रेम होतं. पण त्या प्रेमापायी पोरगी आत कोंडली गेली होती, आणि मला त्याचा राग यायचा. बोलून दाखवायची सोय नव्हती.

अशात तो भाग लागला. बुरखेवाल्याचा साहेब त्याला बंद खोलीत घेऊन सांगतो की तुमचा कोड कुणालाही कळता कामा नये, दुश्मन त्याच्याच मागावर आहेत. अप्पा सवयीनं मराठी करायला लागले, ‘साहेब म्हणायलेत, तुमचं कोड…’ आणि थांबले. त्या दिवशी पुढे त्यांनी एक शब्द सांगितला नाही. गल्लीला पहिल्यांदाच नीट हिंदी ऐकू आली, तर लोकांना वाटलं की टीव्हीत बिघाड झालाय.

सकाळी मी कचेरीला निघाले तर अप्पा माझ्या दारात उभे.

‘टायपिस्टबाई,’ ते हळूच म्हणाले, ‘त्या बुरखेवाल्याला कोड हाय. तुमाला ठावं होतं?’

मला आधी काहीच कळेना. मग लक्षात आलं आणि मी समजावायला गेले. म्हटलं, अप्पा, ते कोड वेगळं, हा इंग्रजी शब्द आहे. खुणेचा आकडा असतो, पत्रावर आपण पिनकोड लिहितो ना, तसला. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, पत्त्याच्या आकड्यासाठी कोण कुणाचा जीव घेतंय का? मी म्हटलं, हा गुप्त आकडा असतो. ते म्हणाले, बरं, आकडा असंल तर उन्हाळ्यात हातमोजे कामून घालतो? तोंड कामून झाकतो? घरात एकटा असला तरी काढत न्हाई, ते कामून? खरंच, का घालत होता? मला कधी प्रश्नच पडला नव्हता. बसची वेळ होत आली होती. मी हात टेकले आणि निघाले. बसमध्ये बसल्यावर मला क्षणभर वाटलं, असेलही बाई त्याला कोड.

त्यानंतरच्या आठवड्यात टीव्ही सुरू झाला, लोक जमले, पिंपात तांबे रिकामे झाले, आणि अप्पांनी पाटावरून हाक मारली, ‘नंदे, भाईर ये. म्होरं बस.’ पडदा हलला नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. नंदा बाहेर आली, बाह्या मनगटापर्यंत तशाच, आणि सगळ्यांच्या पुढे सतरंजीवर बसली. गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अप्पा मधूनमधून टीव्हीकडे बोट करून तिला सांगत, ‘बघ. सरकारनं त्याला कामावर ठेवलंय. साहेबाचं त्याच्याबिगर पान हलत न्हाई.’ ती हो हो म्हणायची. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठच दिसत होती. तेव्हापासून दर आठवड्याला ती पुढे बसायला लागली. मी तिला खरं सांगावं की नाही, ह्या विचारात होते. पण काय सांगायचं? तुझ्या बापाची गल्लत झालीय, जा पुन्हा पडद्याआड?

मग आक्कांनी निलंग्याकडचं स्थळ आणलं. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, माणसं बरी. आक्कांनी बजावून बजावून सगळ्यांच्या तोंडाला कुलूप घातलं, मलासुद्धा. नंदाला हिरवं पातळ, पूर्ण बाह्यांचा झंपर. बघण्याचा कार्यक्रम नेमका मालिकेच्या दिवशी. आक्का म्हणाल्या, आजच्या दिवस टीव्ही बंद ठेवा. अप्पा म्हणाले, मंग पाव्हण्यांनाच परवा बोलवा.

मुलगा, त्याची आई आणि मामा, असे तिघं आले. चहा-पोहे झाले, प्रश्न झाले, नंदानं उत्तरं दिली. सगळं सुरळीत. निलंग्याच्या एस्टीला अवकाश होता, म्हणून पाहुणे ओसरीवर बसले, आणि गल्ली तांबे घेऊन आत यायला लागली. आता अप्पांनी पाहुण्यांना तरी सोडावं की नाही! ते मुलाच्या आईसमोर जाऊन नम्रपणे म्हणाले की आमच्याकडं असा असा रिवाज हाय. आक्कांनी कपाळावर हात मारला. पण ती बाई हसली, पिशवीतून फिरकीच्या झाकणाचा तांब्या काढला, प्रवासात उरलेलं पाणी होतं ते पिंपात ओतून आली आणि नंदाशेजारी सतरंजीवर बसली. मला ती फार आवडली. आता जमलं, असं मनात म्हटलं.

त्या भागात बुरखेवाला पकडला गेला. खुर्चीला बांधलेला, आणि दुश्मनांचा म्होरक्या त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन पुन्हा पुन्हा तेच विचारत होता, ‘कोड बता.’ बुरखेवाला गप्प. त्याला मारलं, विजेचा झटका दिला, तरी गप्प. अप्पा पाटावर चुळबुळ करायला लागले. त्यांनी मराठी करणं सोडलं आणि ते थेट बुरखेवाल्याशीच बोलायला लागले. ‘दाखव की लेका,’ म्हणाले. ‘लपवून मरायलास कामून? दाखवून टाक, काय होतंय?’

मुलाच्या आईनं विचारलं, ‘काय दाखव म्हणायलेत?’

‘कोड,’ अप्पा म्हणाले. ‘त्याला कोड हाय. म्हणून तर मोजे.’

‘या माय,’ ती बाई कळवळून म्हणाली. ‘एवढ्यापायी मार खायलाय?’

अप्पांनी टीव्हीकडे पाठ केली. आक्का काहीतरी बोलायला उठल्या होत्या, पण उशीर झाला होता. ‘आमच्या पोरीला बी हाय,’ अप्पा म्हणाले. ‘नंदे, दाखव.’

टीव्हीत हाणामारी सुरू झाली होती, काचा फुटत होत्या, पण तिकडे कुणी बघत नव्हतं. बघत होता फक्त नवरा मुलगा, तोही जिवाच्या करारानं, दुसरीकडे बघावं लागू नये म्हणून. नंदानं बापाकडे पाहिलं. मग मनगटाची गुंडी सोडली आणि बाही एकेक घडी घालत कोपरापर्यंत वर नेली. माझे डोळे भरून आले, लपवत नाही. मुलाच्या आईनं तो हात हातात घेऊन पाहिला. कधीपासून आहे, दुखतं का, विचारलं. सातवीत असल्यापासून, दुखत नाही, नंदानं सांगितलं. तेवढ्यात मामांनी घड्याळ बघून एस्टीची आठवण केली. चपला घालताना ती बाई अप्पांना म्हणाली, ‘बुरखेवाल्याचं पुढं काय झालं, कळवा बरं.’

निरोप दोनेक दिवसांत आला. पत्रिका जुळत नाही म्हणे. पत्रिका कुणी दिली होती, कुणी मागितली होती, हे आजवर कुणाला उलगडलेलं नाही. आक्कांनी भावाशी बोलणं टाकलं आणि उदगीरला निघून गेल्या. अप्पा बेजार झाले. दुकानात जाईनात. माझ्या दारात येऊन उभे राहायचे आणि तेच तेच विचारायचे. त्या बाईनं हात हातात घेतला होता, दुखतं का विचारलं होतं, मंग न्हाई कामून म्हणाले? मी म्हणायची, अप्पा, मला नाही कळत. खरंच कळत नव्हतं. एवढी चांगली बाई. तिनं नाही म्हटलं, की मामानं, की त्या टीव्हीला चिकटलेल्या मुलानं? आणि त्या दिवसापासून नंदाची बाही वरच होती. हौदावर, दारात, भाजीला जाताना. अप्पा तिच्या हाताकडे बघायचे आणि नजर वळवायचे. चूक केली की बरोबर, ह्याचं उत्तर त्यांना आता फक्त बुरखेवाला देणार होता.

पुढच्या आठवड्यात गल्ली नेहमीपेक्षा जास्त जमली. कुजबूज होतीच. नंदा पुढे बसली, बाही कोपरापर्यंत. अप्पा पाटावर. भाग सुरू झाला, बुरखेवाला बांधलेला होता तो कसाबसा सुटला आणि एका मोठ्या लोखंडी दारापाशी आला. दारावर आकड्यांची बटणं. त्यानं उजव्या हाताचा मोजा ओढून काढला. टीव्हीभर तो एकटा हात दिसला. नितळ, सगळा एका रंगाचा. त्या हातानं त्यानं एकेक आकडा दाबला, दार उघडलं, आणि मागून साहेबांचा आवाज आला की शाबास, कोड बरोबर होता.

‘अप्पा,’ शिंपी म्हणाला, ‘हे तर कुलपाचे आकडे हायत की.’

भाग संपला, लोक आपापले तांबे उचलून गेले. जाताना कुणी हसलं नाही, एवढं गल्लीचं मानलं पाहिजे. अप्पा पाटावर बसून होते. चेहरा असा झाला होता की मला तिथून उठवेना.

‘तुमी सांगत होता, टायपिस्टबाई,’ ते म्हणाले. ‘त्याला न्हवतंच. एका आकड्यापायी मी पोरीला चार माणसांत उघडं पाडलं.’

नंदा सतरंजी झटकत होती.

‘मला ठावं होतं, अप्पा,’ ती म्हणाली. ‘कोड म्हंजे आकडा. पैल्याच दिवशी कळलं होतं.’

‘मंग बोललीस कामून न्हाईस?’

‘बोलले असते तर म्होरं कशाला बसवलं असतं तुमी?’

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. हा माणूस मी कितीतरी दिवस पाहत होते, पण इतका गोंधळलेला कधी पाहिला नव्हता. मग एखाद्या लहान पोरानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, ‘मंग आता बाही खाली करायची का, माय?’

‘न्हाई,’ नंदा म्हणाली. ‘लई गरम होतंय, अप्पा. लई वर्षं झाली.’